जिस्सोजी बघायचाय? मग कुठून सुरू करायचं, नव्याने येणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

अकिओ जिस्सोजी या जपानी दिग्दर्शकाचा मी बघितलेला पहिला सिनेमा 'मुजो'. एका मैत्रिणीने हार्ड डिस्कवर दिला होता आणि म्हणाली होती की जपानी सिनेमा आवडतो ना तुला, मग हा बघच. तीनदा लावला आणि तिन्ही वेळा चाळीस-पन्नास मिनिटांत बंद केला. कोण कोणाचं कोण ते कळेना, कॅमेरा सारखा खांबांच्या नि दारांच्या आडून सरकतोय, माणसं चौकटीच्या एका कोपऱ्यात आणि उरलेली चौकट रिकामी, मग मी ठरवून टाकलं की हे आपल्यासाठी नाही. त्यानंतर दोन वर्षांनी भाच्यासोबत बसून जुना 'अल्ट्रामॅन' बघत होते, राक्षसांशी लढणाऱ्या परग्रहावरच्या वीराची १९६६-६७ ची मुलांची मालिका, त्यातला तेविसावा भाग संपला तेव्हा भाचा गप्प आणि मी डोळे पुसतेय. शेवटच्या नामावलीत दिग्दर्शक कोण म्हणून शोधलं तर तोच माणूस, 'मुजो'वाला.

मग कळलं की मी उलट्या टोकाने शिरत होते. हा माणूस आधी टीव्हीचा आहे, त्याची नजर टीव्हीवर घडली, आणि ती नजर एकदा ओळखीची झाली की ते अवघड सिनेमे आपसूक उघडतात. त्यामुळे खाली जो क्रम दिलाय तो माझ्या चुकांमधून आलेला आहे, तुम्ही त्या नका करू.

आधी एवढंच लक्षात ठेवा की जन्म १९३७, मृत्यू २००६, आणि मधल्या काळात त्याने मुलांच्या राक्षस-मालिका केल्या, बौद्ध विचारांवरचे कडक प्रौढ सिनेमे केले, एदोगावा राम्पोच्या रहस्यकथा केल्या, शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम आणि ऑपेरा केले, आणि शिवाय लिहिलंही भरपूर. हे सगळं एकाच माणसाचं आहे यावर सुरुवातीला विश्वास बसत नाही.

१. आधी सामान गोळा करा

फार काही लागत नाही, पण जे लागतं त्यात हयगय करू नका:

- मोठा स्क्रीन, निदान लॅपटॉप. मोबाईलवर बघू नका. जिस्सोजी काळोखात फार शूट करतो, दिवसा खिडकीपाशी बसून फोनवर बघाल तर अर्धा वेळ काळी पाटीच दिसेल.
- खोलीत अंधार करता आला पाहिजे.
- बऱ्यापैकी हेडफोन. तोरु फुयुकीचं संगीत त्याच्या कामात फार महत्त्वाचं आहे.
- एक वही. खरंच वही. का ते चौथ्या पायरीत सांगते.
- डिस्क विकत घेणार असाल तर कुठल्याही विभागाच्या डिस्क चालवणारा प्लेयर.

या शेवटच्या गोष्टीत मी पैसे घालवलेत म्हणून जरा सविस्तर. ब्ल्यू-रे डिस्कचे ए, बी, सी असे विभाग असतात. अमेरिका आणि जपान दोन्ही ए मध्ये येतात, युरोप बी मध्ये, आणि भारत सी मध्ये. म्हणजे इकडे साध्या दुकानातून आणलेला प्लेयर अमेरिकेची डिस्क घेईलच असं नाही, डिस्क आत जाते, फिरते आणि पडद्यावर नुसती सूचना येते. मी ज्यांच्याकडून मागवली त्यांनी सगळीकडे चालेल असं लिहिलं होतं, ती चालली नाही आणि परतही घेतली नाही. डीव्हीडीचे आकडे तर वेगळेच, तिथे जपान २ आणि भारत ५. म्हणून मागवायच्या आधी डब्याच्या मागचा फोटो मागा, त्यावर विभागाचं चिन्ह असतं, ते बघा आणि मगच पैसे द्या.

आणि सगळ्यात मोठा सापळा, जो जवळजवळ सगळ्यांच्या घरी आहे: टीव्हीची चित्राची सेटिंग. त्याचं जुनं टीव्हीचं काम चौकोनी पडद्यासाठी आहे, चारास तीन. आपले आताचे टीव्ही सोळास नऊ, आणि त्यात कोणीतरी कधीतरी 'झूम' किंवा 'फुल' करून ठेवलेलं असतं. ताणलं तर माणसं जाडी दिसतात, झूम केलं तर वरखालचा भाग कापला जातो. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाचं तेवढ्याने फारसं बिघडणार नाही, पण जिस्सोजीने चौकटीच्या अगदी खालच्या काठाशी एक डोकं ठेवलेलं असतं आणि तेच कापलं जातं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर आधी ते नीट करा, मग बसा.

२. नावांचा गोंधळ एकदाच मिटवून टाका

जपानीत आडनाव आधी येतं, म्हणजे जिस्सोजी अकिओ. शोधताना दोन्ही क्रमांनी शोधा, आणि जपानी लिपीतलं नाव कुठूनतरी कॉपी करून वहीत किंवा फोनमध्ये ठेवा, कारण जपानी लिपीत शोधलं की जे फोटो आणि लेख सापडतात ते इंग्रजीत सापडत नाहीत. या आडनावात गंमत आहे. 'जिस्सो' हा बौद्ध शब्द, वस्तूचं खरं रूप असा त्याचा अर्थ, आणि 'जी' म्हणजे देऊळ. वस्तू खरी कशी दिसते हे आयुष्यभर शोधणाऱ्या माणसाला हे नाव जन्मतःच मिळालं होतं.

सिनेमांना दोन-दोन नावं आहेत आणि त्यामुळे तोच सिनेमा दोनदा यादीत येतो. 'मुजो' म्हणजेच इंग्रजीतला 'धिस ट्रान्झिएंट लाइफ', 'उता' म्हणजे 'पोएम', 'आसाकी युमेमिशी' म्हणजे 'इट वॉज अ फेंट ड्रीम', 'तेइतो मोनोगातारी' म्हणजे 'टोकियो: द लास्ट मेगालोपोलिस'. ही चार नावं लिहून ठेवलीत तरी अर्धं काम झालं.

दुसरा गोंधळ असा की लोक सरळ म्हणतात जिस्सोजीचा 'अल्ट्रामॅन'. तसं नाहीये. मालिका एकोणचाळीस भागांची, वेगवेगळ्या दिग्दर्शकांनी केलेली, त्यातले त्याचे फक्त सहा. तुम्ही पहिल्या भागापासून सुरू केलंत आणि म्हणालात की यात काय विशेष, तर तो भाग त्याचा नाहीच. आणि १९७९ मध्ये त्याच्या नावाने 'अल्ट्रामॅन'चा एक सिनेमाही थिएटरात आला होता, तो याच टीव्हीच्या भागांतून जोडलेला आहे. नवीन काहीतरी म्हणून तो आधी बघू नका, मूळ भाग बघा.

३. थोडी पार्श्वभूमी, पाच मिनिटांची

टोकियोत जन्म, लहानपणाचा काही काळ चीनमधल्या चिंगदाओला, वासेदा विद्यापीठात फ्रेंच साहित्य. १९५९ मध्ये तो रेडिओ टोकियोमध्ये लागला, म्हणजे आज ज्याला टीबीएस म्हणतात ते. त्या वेळी बरंच काम थेट प्रक्षेपणाचं, कॅमेरे जड, आणि हा तिथेच चौकटी मोडायला लागला. मिसोरा हिबारी ही त्या काळची जपानची सगळ्यात लाडकी गायिका, तिच्या कार्यक्रमात याने तिच्या चेहऱ्याचे इतके जवळून क्लोजअप घेतले की प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या. लोकांना आपली हिबारी सुंदर आणि लांबून हवी होती, याने तोंड आणि घसा दाखवला. कंपनीत तो अडचणीचा ठरला आणि मग त्याची पाठवणी त्सुबुराया प्रॉडक्शन्सकडे झाली, जिथे राक्षसांच्या मालिका बनत होत्या.

शिक्षा म्हणून मुलांच्या मालिकेत टाकलेला माणूस, असं वाचलं की वाटतं त्याने काम उरकलं असेल. त्याने उलट केलं. रबराच्या पोशाखातल्या राक्षसाकडे त्याने हिबारीकडे बघितलं तसंच बघितलं, जवळून.

४. 'अल्ट्रामॅन'चे सहा भाग, याच क्रमाने

भाग क्रमांक १४, १५, २२, २३, ३४, ३५. सगळे मामोरु सासाकीने लिहिलेले. प्रत्येकी पंचवीसेक मिनिटं, म्हणजे अडीच तासांत पहिली फेरी संपते. पण माझं ऐका, क्रमांकाप्रमाणे नका बघू. मी सांगते त्या क्रमाने बघा.

आधी ३४. आकाशातून स्कायडॉन नावाचा दोन लाख टनांचा राक्षस पडतो आणि त्याला परत वर कसं पाठवायचं एवढीच गोष्ट. हसत हसत बघा. यात हायाता, म्हणजे ज्याचा अल्ट्रामॅन होतो तो नायक, राक्षसाशी लढायला धावतो आणि गडबडीत रूप बदलायच्या यंत्राऐवजी कढीभाताचा, म्हणजे जपानी करी-राईसचा चमचा उंच धरतो. जपानमध्ये हे दृश्य आजही सगळ्यांना माहीत आहे.

मग १५. मुलांनी खडूने काढलेलं चित्र अवकाशातल्या किरणांनी जिवंत होतं, गावादोन. हा राक्षस झोपतो, घोरतो, बाकी काही करत नाही, आणि तरी मोठ्या माणसांना त्याला मारायचंच असतं. मुलं ओरडून सांगतात मारू नका. शेवटी तो आकाशात ताऱ्यांमध्ये जातो.

मग ३५. सीबोझू. अवकाशातल्या राक्षसांच्या स्मशानातून चुकून पृथ्वीवर पडलेला, त्याला लढायचंच नाहीये, परत जायचंय. रुसलेल्या पोरासारखा पाय घासत चालतो. यात आधी मारलेल्या राक्षसांसाठी बौद्ध पद्धतीने श्राद्धविधी होतो, फोटो लावून, धूप लावून. मुलांच्या मालिकेत हे असं करायचं धाडस कुठून आलं असेल, याचा मी अजून विचार करते.

आता २३, ज्याने मला रडवलं. जामिला हा राक्षस खरं म्हणजे माणूस आहे. अवकाश स्पर्धेत पाठवलेला अंतराळवीर, यान भरकटलं, पाणी नसलेल्या ग्रहावर अडकला, त्याच्या देशाने जगापासून ते लपवलं, आणि तो बदलून राक्षस झाला नि परत आला. राक्षसांशी लढणाऱ्या पथकाला आदेश मिळतो की त्याची ओळख कोणाला न सांगता राक्षस म्हणून त्याला संपवा. अल्ट्रामॅन त्याला कशाने मारतो? पाण्याने. तो चिखलात लोळतो, रांगतो, देशोदेशींचे झेंडे त्याच्याखाली चिरडतात आणि त्याचा आवाज तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा होतो. शेवटी त्याच्या नावाचा सुंदर शब्दांचा स्मृतिफलक उभा करतात आणि पथकातला इदे, जो आदेशावरच चिडलेला असतो, तो म्हणतो ते ऐका, मी इथे सांगत नाही.

१४ आणि २२ नंतर सावकाश बघा. २२ मधली रात्रीची लढाई प्रकाशझोतांत आहे, तिच्यासाठी खोलीत अंधार हवाच.

आता वही काढा. कुठलाही एक भाग पुन्हा लावा, आवाज बंद, सबटायटल बंद. दर वेळी चित्र बदललं की थांबवा आणि एकच प्रश्न लिहा: माझ्या आणि त्या माणसाच्या मध्ये काय ठेवलंय? फोन, फुलदाणी, काचेचं भांडं, दुसऱ्या कोणाचा कान, जिन्याचा कठडा. जपानी कॅमेरावाल्यांचा यासाठी शब्द आहे 'नामे', म्हणजे चाटणे, पुढच्या वस्तूला कॅमेरा चाटून जातो आणि मागे पात्र दिसतं. याच्यासोबत वाइड अँगल लेन्सने वाकलेल्या खोल्या, जमिनीलगतचा कॅमेरा, पाठीमागून येणारा प्रकाश, चेहऱ्याचा अर्धाच भाग, आणि मधोमध काहीच नाही. जपानी प्रेक्षक याला सरळ 'जिस्सोजी अँगल' म्हणतात. मी पहिल्या दहा मिनिटांत वीस-बावीस वेळा लिहिलं आणि मग थांबले, कारण तोवर कळलं होतं की हा दागिना म्हणून नाहीये. तो सारखं सांगतोय की समोरचा माणूस तुम्हाला पूर्ण दिसत नाही. राक्षस मोकळा, मैदानात, अख्खा दिसतो, आणि माणसं मात्र आडून, तुकड्या-तुकड्यांत.

हे एकदा डोळ्यांत बसलं की 'मुजो'ची भीती गेली समजा.

५. 'अल्ट्रा सेव्हन'चे भाग, आणि गायब असलेला बारावा

'अल्ट्रा सेव्हन', १९६७-६८, एकोणपन्नास भाग. त्याचे चार: ८, १२, ४३, ४५. यातला १२ तुम्हाला मिळणार नाही. यादीत ११ नंतर एकदम १३ दिसलं तर डिस्क खराब आहे म्हणून भांडायला जाऊ नका, अमेरिकेत निघालेल्या ब्ल्यू-रे संचातही अठ्ठेचाळीसच भाग आहेत. १९७० मध्ये मुलांच्या एका मासिकाच्या पुरवणीत त्या भागातल्या परग्रहवासीचं वर्णन 'अणुबॉम्बग्रस्त' अशा अर्थाच्या शब्दांत छापलं गेलं, हिरोशिमा-नागासाकीत होरपळलेल्या लोकांच्या बाजूने तीव्र निषेध झाला आणि तेव्हापासून तो भाग प्रसारणातून नि विक्रीतून काढून घेतला आहे. चोरीच्या घाणेरड्या प्रती फिरतात, त्यांच्या मागे लागून वेळ घालवू नका, बाकीचे तीन पुष्कळ आहेत.

४५ मध्ये उडत्या तबकड्या दिसल्या म्हणून सांगणारा एक साधा कामगार आहे, त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, ठेवतो फक्त एक लहान मुलगा, आणि तो मुलगाच परग्रहावरचा निघतो. ४३ मध्ये राक्षसच नाही, यंत्रमानवांच्या राज्यात माणसं गुलाम आहेत. दोन्ही चांगले.

पण आठवा भाग वेगळाच आहे. परग्रहवासी मेट्रॉन एका सिगारेटमधून माणसांना वेड लावतो, एकमेकांच्या अंगावर धावायला लावतो. नायक त्याला शोधत जातो आणि तो सापडतो कुठे, तर एका जुनाट भाड्याच्या खोलीत, तातामीवर, म्हणजे गवती चटईवर, छोट्या बसक्या जेवणाच्या मेजामागे मांडी घालून बसलेला. झगझगीत रंगाचा परग्रहवासी आणि गरिबाघरचं ते मेज, दोघं समोरासमोर बसून बोलतात. मग संध्याकाळच्या तांबड्या उजेडात लढाई, जी जवळजवळ स्थिरचित्रांसारखी तुकड्यांत दिसते. शेवटी निवेदक सांगतो की घाबरू नका, ही फार पुढच्या काळातली गोष्ट आहे, कारण मेट्रॉनने माणसांच्या एकमेकांवरच्या विश्वासाला लक्ष्य केलं होतं आणि आज आपला तेवढा विश्वास एकमेकांवर नाहीच. १९६७ साली, मुलांना, घरी बसून बघायच्या कार्यक्रमात.

हा भाग दोनदा बघा. शेवटच्या पायरीत परत लागणार आहे.

६. क्योतोचा भाग: हा चुकवू नका

'काइकी दाइसाकुसेन', १९६८-६९, सव्वीस भाग, राक्षस नाहीत, विज्ञान वापरून केलेले गुन्हे आणि ते शोधणारं पथक. त्याचे भाग ४, ५, २३ आणि २५. वेळ कमी असेल तर फक्त २५, 'क्योतो विकत घेऊ' अशा अर्थाचं नाव आहे.

क्योतोच्या देवळांतल्या बुद्धमूर्ती नाहीशा होतायत. तपास करणारा माकी, म्हणजे शिन किशिदा, त्याचा अबोल चेहरा लक्षात राहतो. त्याला एक तरुणी भेटते, तिचं मूर्तींवर माणसांपेक्षा जास्त प्रेम आहे. ती तरुण पोरांकडून कागदांवर सह्या घेत फिरते की क्योतो मी विकलं, आणि पोरं हसत सह्या करतात, कोणालाच ते नको असतं. या भागात मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधल्या सुरावटीवर फर्नांदो सोरने बांधलेली गिटारची रचना वाजते, आणि पुढे याच ऑपेराचं रंगमंचावरचं दिग्दर्शनही जिस्सोजीने केलं. शेवटी काय होतं ते सांगत नाही. आपल्याकडे जुने वाडे पाडताना, लेण्यांच्या भिंतींवर नावं कोरलेली बघताना ज्यांच्या पोटात कालवतं त्यांना हा भाग फार आत लागेल, मला लागला.

७. आता 'मुजो', आणि सोबतचे

आता तुम्ही तयार आहात. सुरुवातीला हवं तर १९६९ चा छोटा सिनेमा 'योइयामी सेमारेबा' बघा, पाऊण तासाच्या आतबाहेर, पटकथा दिग्दर्शक नागिसा ओशिमाची. एका खोलीत चार तरुण, गॅस चालू सोडलाय, कोण शेवटपर्यंत बसतो हा खेळ. बास.

१९७० मध्ये त्याने टीबीएस सोडलं आणि आर्ट थिएटर गिल्डसोबत सिनेमे केले. ही संस्था कमी पैशांत, साधारण एक कोटी येनमध्ये, दिग्दर्शकांना मोकळीक देऊन सिनेमे करायची. तिथले तीन म्हणजे 'मुजो' १९७०, 'मंदारा' १९७१, 'उता' १९७२. तिन्ही दोन तासांच्या वर. 'मुजो'ला १९७० च्या लोकार्नो महोत्सवात सुवर्ण बिबट्या, म्हणजे तिथलं पहिलं पारितोषिक, मिळाला, इतर तीन सिनेमांसोबत वाटून.

मुजो म्हणजे अनित्यता. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. ज्यांच्या घरी अंत्यविधीला भिक्खूंच्या तोंडून 'अनिच्चा वत संखारा' ऐकलंय त्यांना हा शब्द पुस्तकातून शिकायला नको. त्याच गाथेचा आशय जपानची जुनी 'इरोहा' कविता सांगते असं मानतात, पूर्वी तिकडची मुलं अक्षरं शिकायची ती याच कवितेवरून, आणि जिस्सोजीच्या १९७४ च्या सिनेमाचं नाव 'आसाकी युमेमिशी' थेट या कवितेतून आलंय. म्हणजे जपानी माणसाला जे नाव ओळखीचं, त्याच्या मुळाशी असलेली गाथा आपल्या नागपूर-औरंगाबादच्या घरांतली. हे कळल्यावर मला तो सिनेमा एकदम जवळचा वाटला.

सूचना मात्र स्पष्ट देते. 'मुजो'मध्ये सख्ख्या भाऊबहिणीचा संबंध आहे आणि त्यातून पुढचं सगळं होतं. 'मंदारा'मध्ये बलात्कार आहे, आणि तो ज्या तऱ्हेने दाखवलाय त्याबद्दल मला आजही राग आहे. त्याची चौकट कितीही सुंदर असली तरी बाईकडे बघताना ती बऱ्याचदा निर्दय होते, हे मान्य करूनच बघावं लागतं. मुलांना लावून देऊ नका, 'अल्ट्रामॅन'वाल्याचा सिनेमा म्हणून तर मुळीच नाही. मन ठीक नसेल तर 'मंदारा' सोडून द्या, काही बिघडत नाही, 'मुजो'नंतर थेट 'उता' घ्या.

'मुजो' बघायची माझी पद्धत: एका बैठकीत नाही, दोन भागांत. पहिल्या वेळी नायक मासाओ मूर्तिकाराकडे शिकायला लागतो तिथवर. दुसऱ्या दिवशी पुढचं. त्यात मासाओ आणि भिक्षू यांची पापपुण्यावर, स्वर्ग-नरकावर लांबलचक चर्चा आहे, ती सबटायटलमधून पळतपळत वाचण्यापेक्षा थांबवून वाचा. आणि कॅमेरा बघा, आता तो रुळांवरून सरकत राहतो, खांब येतात जातात, माणसं लपतात दिसतात. ती वहीतलीच यादी आहे, फक्त आता हलायला लागलीय. कॅमेरामनांपैकी एक मासाओ नाकाबोरी, त्सुबुरायाच्या दिवसांपासूनचा साथीदार, पुढे दिग्दर्शक कोरे-एदाचा 'माबोरोशी' त्यानेच टिपला.

'उता' मला तिघांत सगळ्यात जास्त आवडतो. एका जुन्या घराण्यातला नोकर जुन, रोज रात्री ठरल्या वेळी घराची पाहणी करणारा, घराच्या मालकांना घर विकायचंय आणि ह्या नोकराला ते जपायचंय. जुन झालाय साबुरो शिनोदा, जो पुढच्याच वर्षी 'अल्ट्रामॅन तारो'चा नायक झाला. आणि 'मंदारा'मध्ये हिरोको साकुराई आहे, 'अल्ट्रामॅन'च्या पथकातली फुजी. म्हणजे माणसंसुद्धा तीच, इकडून तिकडे जात राहिली.

हे तिन्ही आणि 'आसाकी युमेमिशी' असे चार सिनेमे २०१९ मध्ये ॲरो व्हिडिओने एका संचात काढले, इंग्रजी सबटायटलसह. विकत घ्यायचा असेल तर हाच, आणि डब्यामागचं चिन्ह बघूनच.

८. मधली वर्षं, पटापट

सगळं बघायची गरज नाही. १९८३ चं 'नामी नो बोन' हे टीव्ही नाटक मिळालं तर सोडू नका, हवाईत जाऊन वसलेल्या जपानी म्हाताऱ्याची गोष्ट, चिशू र्यू मुख्य भूमिकेत, पटकथा सो कुरामोतोची, संगीत तोरु ताकेमित्सुचं. इथे त्याने अँगल बऱ्यापैकी शांत ठेवलेत, मुद्दाम बघा, कारण त्याला वाकडं सोडून दुसरं येत नाही असं म्हणणाऱ्यांना हेच उत्तर आहे.

१९८८ चा 'तेइतो मोनोगातारी' हा मोठ्या बजेटचा, हिरोशी आरामाताच्या कादंबरीवरचा. जुन्या गिन्झाचा रस्ता अख्खा उभारलाय, एक प्राणी एच. आर. गिगरने रेखाटलाय, आणि क्युसाकु शिमादाचा लांबोळक्या चेहऱ्याचा खलनायक कातो. कथा भरकटते, कथेसाठी बघू नका.

नंतर राम्पो: 'यानेउरा नो सानपोशा' १९९४ आणि 'डी-झाका नो सात्सुजिन जिकेन' १९९८. दोन्हीत तोच शिमादा गुप्तहेर आकेची होतो. प्रौढांसाठी. माळ्यावर चढून फटीतून लोकांच्या खोल्यांत बघणाऱ्या माणसाची गोष्ट जिस्सोजीला मिळाली म्हणजे काय होणार तुम्हीच बघा. 'उबुमे नो नात्सु' २००५ मध्ये बोलणं फार आहे, शेवटी ठेवा.

९. शेवटची संध्याकाळ

म्हातारपणी तो परत अल्ट्रामॅनकडे आला. 'अल्ट्रामॅन तिगा' या मालिकेचे ३७ आणि ४०, 'अल्ट्रामॅन डायना'चा ३८. 'तिगा'चा ३७, 'हाना' म्हणजे फूल, यात चेरीच्या फुलांखाली रंगमंचासारखी लढाई आहे. नव्या अल्ट्रामॅन मालिका त्सुबुरायाच्या अधिकृत यूट्यूब चॅनलवर येत-जात असतात, तिथे आधी शोधा. हिदेआकी आन्नो, शिंजी हिगुची या पुढच्या पिढीच्या दिग्दर्शकांनी त्याच्या चौकटी उघडपणे उचलल्या, २०२२ चा 'शिन अल्ट्रामॅन' बघाल तेव्हा टेबलाखालून, खुर्चीआडून घेतलेली चित्रं लगेच ओळखाल.

पण शेवटी बघायचा तो 'अल्ट्रामॅन मॅक्स'चा २४ वा भाग, २००५. ज्या संध्याकाळी तो लावाल त्याच संध्याकाळी आधी 'सेव्हन'चा आठवा पुन्हा लावा, मध्ये चहाला उठू नका. अडतीस वर्षांनी मेट्रॉन परत आलाय. तो मेलाच नव्हता, सेव्हनने कापलेलं त्याचं अंग कोणीतरी शिवून दिलं होतं. आता तो माणसांकडे बघतो आणि त्याला कळतं की हे जिंकायच्या लायकीचेही राहिले नाहीत, आणि तो निघून जातो. तोच तांबडा उजेड आहे. भाग प्रसारित झाला आणि त्याच्या पुढच्या वर्षी, नोव्हेंबरात, जिस्सोजी गेला.

मी दोन्ही भाग भाच्याबरोबर बघितले, आता तो कॉलेजात आहे. मेट्रॉन निघाला तेव्हा त्याने रिमोट घेतला, थांबवलं आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.